फेसाची सुनावणी

पाणी पुन्हा टेबलाखाली आलं तेव्हा अण्णांनी पाय वर घेतले, पण सुनावणी तहकूब केली नाही. न्यायाधीशाच्या खुर्चीतून उठून त्यांना इतकी वर्षं झाली होती, की त्यांच्या हाताखालचे कारकूनही आता निवृत्त झाले होते. तरी घरात दोन माणसांचं जमेनासं झालं की अण्णा चष्मा पुसत, कानातलं यंत्र बोटाने आत दाबत आणि म्हणत, ‘एकेकाने बोला.’ या घरात दोन माणसांचं शेवटचं कधी जमलं होतं हे आठवणं अवघड होतं, त्यामुळे अण्णांना निवृत्ती अशी मिळालीच नव्हती.

आजचा खटला भांडी धुण्याच्या मशीनवर होता. आत्या, म्हणजे अण्णांची बहीण, त्याच्या शेजारीच स्टुलावर बसली होती. आरोपीचा नातेवाईक बसावा तशी.

मशीन तिचंच. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरीला असताना तिने ते एका बंद पडलेल्या हॉटेलच्या लिलावातून उचललं होतं. पिस्ता रंगाचं, गुबगुबीत, पुढे चकचकीत दांडा आणि टकटक करत फिरणारी तबकडी. तेव्हा गल्लीतले लोक बघायला आले होते. त्याच्याबरोबर आलेली पुस्तिका कुणालाच न वाचता येणाऱ्या भाषेत होती, पण तिच्यात एक चित्र होतं: एक बाई गुडघाभर फेसात उभी आहे, आणि चित्रावर लाल काट. त्यावरून आत्याने घराला एकच कायदा घालून दिला होता. मशीनमध्ये जाईल ती मशीनची पावडर, साध्या साबणाचा एक थेंबही नाही. भाचे बोलायला लागले तेव्हाच त्यांना हे पाठ झालं होतं, आणि सुना आल्या तेव्हा त्यांनाही पहिल्याच दिवशी ते ऐकवण्यात आलं होतं.

महिन्याभरापासून ते गळत होतं. थोडंथोडकं नाही, दाराच्या खालून चांगली धार लागायची. आणि गळणाऱ्या मशीनवर थोरल्या सुनेने उपाय काढला होता तो असा: मशीन भंगारात द्यायचं, त्याच्या मागची भिंत पाडायची, भिंतीपलीकडची खोली स्वयंपाकघरात घ्यायची. ती खोली आत्याची. ‘काम होईपर्यंत’ आत्याने धाकट्या बहिणीकडे जाऊन राहायचं, जिच्या घरी दोन पोपट होते आणि ती स्वतः त्या दोघांपेक्षा जास्त बोलायची.

काम होईपर्यंत. आत्याने उभं आयुष्य ‘लाइनवर थांबा’ म्हणण्यात घालवलं होतं. असं थांबलेल्यांपैकी किती जणांचा फोन पुढे लागतो, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

म्हणून ती महिनाभर जिवाच्या करारावर लढत होती. मशीन राहिलं तर भिंत राहील, भिंत राहिली तर ती राहील, इतका सरळ हिशोब होता. आणि हे घर सोडायचं तिला भय वाटायचं ते पोपटांमुळे नव्हे. डोळ्यांचं तिने कुणाला सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षापासून सगळं दुधी काचेतून पाहावं तसं झालं होतं. मधोमध तर काहीच नाही, कडेने थोडंफार. पण या घरातली प्रत्येक पायरी, प्रत्येक कडी, प्रत्येक डबा तिच्या हाताला पाठ होता. इथे ती डोळस होती. बहिणीच्या घरात पहिल्याच दिवशी कपाटावर आपटली असती आणि सगळं उघडं पडलं असतं.

“थोरल्याने बोलावं,” अण्णा म्हणाले.

थोरला भाचा पूल बांधायचा. जगातल्या कुठल्याही दुखण्याचं मूळ त्याला पायात दिसायचं. पहिल्याच आठवड्यात त्याने मशीनवर पातळी बघायची नळी ठेवून जाहीर केलं होतं की पाया खचलाय, आणि पुढच्या पायांखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारल्या होत्या. त्यानंतर पाणी पुढे यायचं कमी झालं आणि मागे, थेट आत्याच्या पलंगाखाली जाऊ लागलं. तरी आजही त्याचं म्हणणं तेच होतं. घडी चुकली, सिद्धांत बरोबर आहे.

धाकटा दातांचा डॉक्टर. त्याने कपाळाला दिवा बांधून, दात बघायचा छोटा आरसा घेऊन दाराभोवतीचं रबर इंचाइंचाने तपासलं होतं आणि हिरडी सुजल्याचं निदान केलं होतं. मग कवळीचं माप घेण्याच्या गुलाबी लगद्याने त्याने ती फट भरून काढली. लगदा इतका उत्तम बसला की दार दोन दिवस उघडलं नाही. घरातले सगळे चमचे आत अडकले होते. त्या दोन दिवसांत अण्णांनी डाळ औषधाच्या मापाने खाल्ली.

धाकट्याची बायको शाळेत चित्रकला शिकवायची. तिने पाणी नेमकं कुठून येतं ते कळावं म्हणून आत निळी शाई ओतली. पाणी कुठून येतं ते कळलं नाही. ताटं मात्र निळी झाली आणि अजूनही थोडी निळीच होती. तेव्हापासून ती नवऱ्याची बाजू सोडून दिरांच्या बाजूला गेली होती, कारण नवरा शाईला हसला होता आणि दीर हसले नव्हते. पूल बांधणाऱ्याला हसायला जरा वेळ लागतो, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

थोरल्या सुनेने महिनाभरात एकही प्रयोग केला नव्हता. ती एका हिशोबाच्या पेढीत काम करायची आणि तिचा प्रयोगांवर विश्वास नव्हता. ती फक्त दर वेळी पाणी पुसायची, फडकं पिळायची आणि म्हणायची, “काढून टाकू या ना आता.” हे ती इतक्या हळू आवाजात म्हणायची की आत्याला त्याचीच जास्त भीती वाटायची. ओरडणाऱ्या माणसाशी भांडता येतं.

“मला एक पुरावा दाखल करायचाय,” धाकटा म्हणाला.

तो उठला, टेबलाखालचं पाणी ओलांडून मशीनपाशी गेला, आणि नुकत्याच धुऊन निघालेल्या भांड्यांमधून त्याने लोणच्याची एक काचेची बरणी बाहेर काढली. झाकण घट्ट लावलेलं. आत कपड्यात अर्धवट गुंडाळलेला त्याचा फोन.

“जेवणानंतर ठेवला होता,” तो म्हणाला. “वरच्या जाळीत, कोपऱ्यात. आतून कुठे गळतंय ते दिसेल म्हणून. अण्णांची परवानगी घेतली होती.”

“गुप्त परवानगी,” अण्णा म्हणाले.

“पण तो जेवणानंतर ठेवला,” धाकटी म्हणाली, “आणि मशीन तर चहानंतर लावलं.”

“मधला सगळा वेळ चालूच होता.”

तीन खुर्च्या एकदम करकरल्या. आत्याला माणसांचे चेहरे दिसत नव्हते, पण तिने वर्षानुवर्षं माणसं आवाजावरून ओळखली होती, आणि निरपराध माणसाची खुर्ची अशी करकरत नाही. थोरला म्हणाला की असले खेळ करण्यापेक्षा पायाकडे लक्ष द्यावं. धाकटी म्हणाली, घरातल्या घरात पाळत ठेवणं तिला पटत नाही. थोरलीने फडकं पिळलं. अण्णांनी चमच्याने टेबल वाजवलं आणि पुरावा सर्वांसमोर लावण्याचा हुकूम दिला.

फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला. आत्याला तिथे एक उजळ चौकोन दिसला, बाकी धुकं. ती सगळं दिसत असल्यासारखी पुढे वाकली.

“मला इतकं बारीक दिसायचं नाही,” अण्णा म्हणाले. “तू बोलून दाखव. काय दिसतं ते, तसंच्या तसं.”

आत्याने मनातल्या मनात भावाचे पाय धरले.

“अंधार आहे,” धाकटा सांगू लागला. “दार उघडलं. उजेड आला. आत्या आहे. ताटं लावतेय. वाट्या. आता डबा उघडला, चमचा...”

तो थांबला.

“पुढे,” अण्णा म्हणाले.

“पावडर घातली,” धाकटा म्हणाला. “झाकण लावलं. दार बंद.”

आत्या सरळ बसली. तिची साक्ष स्वच्छ होती.

“अंधार. बराच वेळ अंधार. पुढे ढकलतो... दार उघडलं. हात. नखांना हिरवा रंग.” तो बायकोकडे वळला असावा, कारण आवाज भिंतीकडे गेला. “हातात साबणाची बाटली आहे. साधा साबण. ओट्यावरचा. दाबला. दार बंद.”

“थोडासाच होता,” धाकटी म्हणाली.

“परत दार. मोठा हात, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला.”

अख्ख्या घरात घड्याळ उलटं बांधणारा एकच होता. थोरला घसा खाकरून म्हणाला की पाया खचलाच आहे, हे वेगळं.

“साबण. दार बंद. अंधार. मग परत...” धाकट्याचा आवाज बारीक झाला. “अण्णा, हे तुम्ही आहात.”

“मी?”

“तुम्ही सरळ बरणीकडे बघताय. बरणीला हात करून ‘थांब जरा’ म्हणताय. आता साबण ओतताय.”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला आणि परत लावला. “कॅमेरा आहे हे मला माहीत होतं,” ते शेवटी म्हणाले, “पण चालू आहे हे माहीत नव्हतं.”

“आणि शेवटी वहिनी,” धाकटा म्हणाला. “वहिनींनी... मोजू नका कुणी. बराच वेळ दाबतायत. बाटली उलटी करून झटकली.”

मग मशीन सुरू झालं. पुढचं सांगायला धाकट्याला फार शब्द लागले नाहीत. फेस आला. ताटं गेली, वाट्या गेल्या, बरणी गेली, सगळं पांढरं झालं, आणि त्या फेसाला जायला जिथे फट मिळाली तिथून तो बाहेर पडला. रबर धडधाकट होतं. पायाही. पुस्तिकेतल्या त्या बाईला हे सगळं आधीपासूनच माहीत होतं.

“आणि तू?” आत्या धाकट्याला म्हणाली. “तुझा हात नाही दिसला.”

“मी सकाळीच घातला होता,” धाकटा म्हणाला. “बरणी ठेवायच्या आधी.”

आत्याला राग आला, आणि बरंही वाटलं, आणि मग परत राग आला. महिनाभर तिने या दिवट्या लोकांच्या हातापाया पडून मशीनचं आयुष्य मागितलं होतं. महिनाभर ती पलंगाखालचं पाणी टिपत होती. आणि गळती लावणारे हे पाच जण टेबलाभोवती बसून तिच्या मशीनचा पाया आणि हिरड्या काढत होते. तिने आवाज चढवला नाही. टेलिफोनवर चढवायचा नसतो, ती सवय राहिली होती.

“एक कायदा,” ती म्हणाली. “एकच कायदा केला होता मी या घरात. कशासाठी मोडलात?”

थोरला म्हणाला, रबर जरा सैल असेलच, धाकट्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. लगेच धाकटा म्हणाला, दादाचंही बरोबर आहे, जमीन उताराची आहेच. धाकटी म्हणाली, हो, दोन्ही असेल. थोरला म्हणाला, दोन्हीच असणार.

या दोन भावांचं एकमत झालेलं तिने जन्मात ऐकलं नव्हतं. बापाच्या शेवटच्या आजारपणात झालं नव्हतं, वाटण्यांच्या वेळी झालं नव्हतं. हे खोटं बोलत होते, आणि एकाच बाजूने बोलत होते, आणि ती बाजू तिची होती. मग तिला धाकट्याचं थांबणं आठवलं. डबा उघडला, चमचा, आणि तो थांबला होता. चुकीच्या जागी थांबला होता.

“माझ्या हातात काय होतं?” तिने विचारलं.

“कधी?”

“तुझ्या त्या सिनेमात. डबा उघडला त्यानंतर.”

“पावडर, आत्या.”

ती उठली. फडताळापर्यंत पाच-सहा पावलं, वाटेतली ओली जागा टाळून. हात आपोआप दुसऱ्या फळीवर, डावीकडून पहिल्या डब्यावर गेला. गोल डबा, दाबून बसवायचं झाकण, कितीतरी वर्षं हाच. तिने झाकण काढलं, चिमूट घेतली आणि बोटांत चोळली.

मशीनची पावडर खरखरीत असते, बोटांना टोचते. ही मऊ होती. दाबली तर बोटांत करकरत होती.

“कॉर्नफ्लॉवर,” आत्या म्हणाली.

तिने झाकण लावायचा प्रयत्न केला, ते बसेना. कुणीतरी येऊन तिच्या हातून डबा घेतला. हात ओला होता, फडक्याचा वास येत होता. थोरली.

“फडताळ मी लावलं,” थोरली म्हणाली. “स्वयंपाकघराला रंग दिला तेव्हा. सगळे डबे काढले, पुसले, उंचीप्रमाणे परत लावले. पावडर खालच्या फळीवर गेली, तिच्या जागी तसाच दुसरा डबा आला, कॉर्नफ्लॉवरचा. मी तुम्हाला सांगितलं होतं आत्या, तुम्ही ‘बरं’ म्हणालात. मला वाटलं, बघाल तेव्हा कळेलच.”

“आणि मी बघितलं नाही.”

“नाही.”

“तुला कधी कळलं?”

“घरात कॉर्नफ्लॉवरचं कुणी काही करत नाही आणि तरी ते संपतंय. पावडर मात्र तेवढीच.” तिने डबा फळीवर ठेवला. “ग्लास पांढरट निघायला लागले. तुम्ही एकेक ग्लास खिडकीपाशी धरायचात आणि म्हणायचात, आरशासारखा निघालाय. मग आम्ही काय बोलणार?”

हळूहळू बाकीच्यांचंही बाहेर आलं. डब्याचं त्यांना माहीत नव्हतं, ग्लासांचं होतं. धाकटीने एकदा सगळे ग्लास चोरून हाताने धुतले होते आणि आत्याने तिला जवळजवळ पकडलं होतं. त्यापेक्षा आधीच साबण घातलेला बरा, असं तिने ठरवलं. थोरल्याला वाटलं, आपण एकट्याने थोडासा घातला तर काय होतंय. धाकट्यालाही तेच वाटलं. अण्णा म्हणाले, ते तर पहिल्यापासून घालत होते, आणि त्यांची समजूत होती की घरात फक्त त्यांनाच ते सुचलं आहे. प्रत्येकाला आपला साबण एकट्याचाच वाटत होता. पाचांपैकी एकानेही दुसऱ्याला विचारलं नव्हतं, कारण विचारायचं म्हणजे ते वाक्य मोठ्याने म्हणावं लागलं असतं.

आत्या फडताळाला पाठ टेकून उभी राहिली. तिला लाज वाटली. वर्षभर ती आंधळेपण लपवत होती आणि महिनाभर पाच माणसं तिच्या मागून फिरून ते लपवायला हातभार लावत होती, तेही इतक्या बावळटपणे की घरात पूर यायचा बाकी राहिला होता.

“मशीन काढायचं तू याच्यासाठी म्हणत होतीस?” तिने थोरलीला विचारलं.

“मशीन गेलं असतं तर पावडर घालायचं काम गेलं असतं,” थोरली म्हणाली. “मग तुम्हाला कुणाला काही सांगावंच लागलं नसतं. नुसतं मशीन काढायचं कारण काय सांगणार, म्हणून मी भिंतीचं काढलं. भिंत पाडायची म्हणजे तुम्हाला कुठेतरी जावं लागणार, म्हणून मग बहिणीकडे. एक झाकायला दुसरं, असं होत गेलं.”

“मला वाटलं, तुला माझी खोली हवीय.”

“मला काय करायचीय ती खोली? सगळी ओल धरलीय तिला.”

अण्णांनी चमचा उचलला, पण वाजवला नाही. आत्या त्यांच्याकडे, म्हणजे ते जिथून खोकत होते त्या दिशेला, वळली.

“नोंद करून घे, अण्णा,” ती म्हणाली. “मला दिसत नाही. मधलं काहीच दिसत नाही. कडेचं थोडं दिसतं. वर्ष झालं.”

म्हणून झालं. तिला वाटलं होतं की हे म्हटल्यावर काहीतरी कोसळेल. काही कोसळलं नाही. धाकटीने नाक ओढलं. थोरल्याने विचारलं, डॉक्टरला दाखवलं का, आणि धाकटा म्हणाला की त्याच्या ओळखीचा एक जण आहे, उद्याच जाऊ. त्यावर थोरला म्हणाला, दात काढणाऱ्याच्या ओळखीच्या माणसाकडे डोळे कशाला द्यायचे, त्याच्या माहितीतला चांगला आहे. दोघांची जुंपली. आत्याला जरा धीर आला.

थोरली खाली वाकली. खालच्या फळीवरचा डबा काढल्याचा आवाज आला, मग मशीनचं दार उघडल्याचा. तिने आतला फेस भांड्याभांड्याने बाहेर काढला, दोनदा नुसतं पाणी फिरवलं. मग पावडरचा डबा आत्याच्या हातात दिला, आत्याने चिमूट चोळून बघितली आणि एक चमचा घातला. दार लागलं. तबकडी टकटकू लागली. सहाही माणसं मशीनसमोर ओळीने बसून दाराच्या खालच्या कडेकडे बघत राहिली. आत्या ऐकत राहिली. साबणाची बाटली अण्णांनी जप्त करून मांडीवर घेतली होती.

पाणी आलं नाही. तबकडी थांबली तेव्हा धाकट्याने दार उघडलं, वाफ बाहेर आली, आणि कुणीतरी एक ग्लास आत्याच्या हातात दिला. गरम होता. सवयीने तिने तो खिडकीच्या दिशेला धरला, आणि सवयीनेच ‘आरशासारखा’ तोंडावर आलं.

ती ते बोलली नाही. तिने ग्लास थोरलीपुढे केला.

“तू बघ,” ती म्हणाली.

थोरलीने ग्लास घेतला. बराच वेळ गेला. बाकी सगळे गप्प होते, आणि त्या गप्प बसण्यात एक मोठी विनवणी होती, की बाई, आज तरी चांगलं म्हण.

“काठाला डाग आहे,” थोरली म्हणाली. “बोटाएवढा. लिपस्टिकचा असेल. परत लावावा लागेल.”

धाकटी हळूच म्हणाली, “वहिनी.”

आत्याला मात्र रडूच फुटलं. वर्षभरात त्या घरात तिला कुणी पहिल्यांदाच खरं काय ते सांगितलं होतं. तिने पदराने तोंड पुसलं, स्टूल चाचपून त्यावर बसली आणि दुसऱ्या ग्लाससाठी हात पुढे केला.

“आता हा,” ती म्हणाली. “नीट बघून सांग.”